वळणावरची काच

नगरच्या पाईपलाईन रोडवरच्या किंवा गुलमोहर रोडवरच्या कुठल्याही चार मजली अपार्टमेंटच्या जिन्यात शिरा आणि मान वर करा. मीटर बोर्डाच्या डोक्यावरून काळ्या-पांढऱ्या वायरींचा जुडगा वर चढलेला दिसेल. आधी लँडलाईनची जोडी आली, मग केबलवाल्याची जाड कोॲक्सियल, मग डिशची, मग इंटरनेटची निळी कॅट-फाईव्ह. यातली एकही वायर कुणी काढून नेलेली नाही. नवी आली की जुनीलाच टाय मारून वर चढवायची, हीच पद्धत. गेल्या काही वर्षांत या जुडग्यात सर्वांत बारीक वायर शिरली आहे. ती दोन बाय तीन मिलिमीटरची चपटी ड्रॉप केबल असते. तिच्या दोन कडांना ताण सोसणाऱ्या दोन काड्या असतात आणि मधोमध १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढ्या जाडीची काच.

फायबर टाकणं म्हणजे रस्ते खोदणं, अशी आपली समजूत आहे. रस्ते खोदले जातात, त्यावरून नगरसेवकांशी भांडणं होतात आणि पेपरात फोटोही येतात. पण प्रकाशाच्या हिशोबाने रस्त्यातलं काम सोपंच असतं. एक्स्चेंजपासून किंवा केबलवाल्याच्या कंट्रोल रूमपासून इमारतीच्या गेटपर्यंत दोन-तीन किलोमीटर येताना फायबरमधला प्रकाश जेमतेम एक डेसिबलने कमी होतो. गेटपासून टीव्हीमागच्या बॉक्सपर्यंतच्या पंचवीस-तीस मीटरांत मात्र तो त्याच्या कित्येक पट गळू शकतो. कारण रस्ता सरळ असतो आणि इमारतीला कोपरे असतात.

काच वाकवली की प्रकाश का गळतो, ते आधी पाहू. फायबरच्या मधोमध आठ-नऊ मायक्रॉनचा गाभा असतो. त्याचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेपेक्षा जेमतेम एक तृतीयांश टक्क्याने जास्त असतो. प्रकाश गाभ्यात टिकतो तो एवढ्याशा फरकावर. शिवाय तो सगळाच्या सगळा गाभ्यात नसतो. त्याचा थोडा भाग बाहेरच्या काचेत पसरून गाभ्याबरोबर पुढे सरकत असतो. फायबर वळलं की वळणाच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या या भागाला त्याच वेळात जास्त अंतर कापावं लागतं. एका मर्यादेपलीकडे बरोबर राहायचं तर त्याला त्या काचेतल्या प्रकाशापेक्षाही वेगाने धावावं लागेल. ते शक्य नसतं, म्हणून तो साथ सोडून बाहेर निघून जातो. वळण जितकं आवळ, तितका जास्त प्रकाश निसटतो. तरंगलांबी जितकी मोठी, तितका प्रकाशाचा पसारा रुंद आणि गळतीही जास्त. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सावेडीतल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर मी हे प्रत्यक्ष पाहिलं. बॉक्सवर लाल दिवा लागला होता आणि काकूंची मालिका आदल्या रात्री अर्ध्यात बंद पडली होती. आयटीआय केलेला, राहुरीकडचा एक पोरगा आला. आधी त्याने जिन्यातल्या डीबी बॉक्समध्ये पॉवर मीटर लावला, मग घरात येऊन बॉक्समागची हिरवी पिन काढून तिथे लावला.

“काकू, जिन्यात वजा एकवीस येतोय आणि घरात वजा एकोणतीस. सोफा सरकवला का?”

“सोफा नाही बाबा, ट्रॉल्या बसवल्या. गेल्या आठवड्यात.”

पोरगा काही न बोलता किचनकडे वळला. वायर ड्राय बाल्कनीच्या खिडकीतून आत आली होती आणि तिथून ओट्याखालून हॉलकडे गेली होती. सुताराने ट्रॉलीचं चॅनल बसवताना ती कोपऱ्यात दाबून वर स्क्रू मारला होता. स्क्रू वायरीत घुसला नव्हता, वायर नुसती काटकोनात दबली होती.

वजा एकवीस आणि वजा एकोणतीस यांत फरक आठ डेसिबलचा. तीन डेसिबल गेले म्हणजे प्रकाश निम्मा होतो. आठ गेले म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा उरतो. मुळात जिन्यातल्या वजा एकवीसमध्येही मायक्रोवॉटच्या घरातलाच प्रकाश असतो, आठाच्या आसपास. घरात सव्वा मायक्रोवॉट पोचत होता आणि साधारण वजा सत्तावीसच्या खाली बॉक्सला काही दिसत नाही. म्हणून लाल दिवा.

पोराने दबलेला तुकडा बाहेर काढला आणि वेष्टणावरची बारीक छपाई मला दाखवली: जी.६५२.डी. मग बॅगेतून पांढऱ्या वायरीचं भेंडोळं काढून तिच्यावरची छपाई दाखवली: जी.६५७.ए२. “हिला कोपरा चालतो,” तो म्हणाला.

‘कोपरा चालतो’ यामागे वीसेक वर्षांची खटपट आहे. जी.६५२ हा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा जुना दर्जा. तो एक्स्चेंज ते एक्स्चेंज धावणाऱ्या फायबरसाठी होता. हे काम भारतात पहिल्यांदा आपल्याच शेजारी झालं. दोन एक्स्चेंजना जोडणारी देशातली पहिली फायबर यंत्रणा १९७९ साली पुण्यात सुरू झाली. अशा कामात काच वाकवायची वेळच फारशी येत नाही. ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नका, एवढं बजावलं की पुरे. ही त्रिज्या म्हणजे सहा सेंटिमीटर व्यासाचं वेटोळं. मॅनहोलमध्ये त्याला हवी तेवढी जागा मिळते.

पण फायबर घरात न्यायची वेळ आली तेव्हा हाच नियम आडवा आला. जपानमध्ये एनटीटी या दूरसंचार कंपनीने गाभ्याभोवती बारीक छिद्रं ठेवलेला फायबर करून पाहिला. अमेरिकेत व्हेरायझन कंपनी न्यूयॉर्कच्या अपार्टमेंटमध्ये अडकली. स्वतंत्र बंगल्यापर्यंत फायबर नेणं सोपं, पण मॅनहॅटनच्या जुन्या इमारतीत कॉरिडॉर, चौकट, स्कर्टिंगची पट्टी असे डझनभर काटकोन वळल्याशिवाय फ्लॅटच्या दारापर्यंत पोचता येत नाही. आंतरराष्ट्रीय संघाने डिसेंबर २००६ मध्ये जी.६५७ हा नवा दर्जा काढला आणि पुढच्याच वर्षी कॉर्निंग या काच कंपनीने पाच मिलिमीटर त्रिज्येत वाकणारा ‘क्लिअरकर्व्ह’ बाजारात आणला. काचेतून संदेश पाठवता येतील हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली कागदावर मांडलं होतं आणि १९७० मध्ये कॉर्निंगच्याच तिघांनी तसा फायबर ओढून दाखवला. त्यानंतर छत्तीस-सदतीस वर्षांनी काचेला कोपरा वळायला शिकवावं लागलं, ते फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसांमुळे.

या नव्या काचेतली युक्ती नगरकराला चटकन कळेल. आपला भुईकोट किल्ला सपाट जमिनीवर उभा आहे. डोंगराची आड नाही, म्हणून तटाबाहेर चौफेर खंदक खणला. नव्या फायबरमध्येही गाभ्यापासून थोडं अंतर सोडून एक कडं असतं. त्या कड्यातल्या काचेत फ्लोरिन मिसळून तिचा अपवर्तनांक मुद्दाम खाली आणलेला असतो. वळणावर बाहेर पडू पाहणारा प्रकाश या कड्यापाशी अडतो आणि परत गाभ्याकडे येतो. बाहेरची जाडी मात्र तीच, १२५ मायक्रॉन. म्हणून हा फायबर जुन्याला जोडता येतो. कॉर्निंगने कड्यात फ्लोरिनऐवजी अतिसूक्ष्म पोकळ्या ठेवल्या, हेतू तोच.

वेष्टणावरची अक्षरं घरमालकाच्याही उपयोगाची आहेत, म्हणून सांगतो. ए१ लिहिलं असेल तर त्रिज्या दहा मिलिमीटरपर्यंत चालते, ए२ असेल तर साडेसातपर्यंत आणि बी३ असेल तर पाचपर्यंत. ‘चालते’ याचा अर्थ गळतीच होत नाही असा नाही. ए२ काचेचा साडेसात मिलिमीटर त्रिज्येचा एक पूर्ण फेरा १५५० नॅनोमीटरला जास्तीत जास्त अर्धा डेसिबल खाऊ शकतो, एवढी सूट दर्जात दिलेली आहे. एक फेरा म्हणजे चार काटकोनी कोपरे. खोलीभर वायर फिरवली तर तेवढे कोपरे सहज होतात.

ही काच येते कुठून? काही बाहेरून येते, पण काही नगरहून दोन-अडीच तासांवरून. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्रा इथे स्टरलाईट टेक्नॉलॉजीजचे कारखाने आहेत. तिथे सिलिकॉन टेट्राक्लोराईडपासून अतिशुद्ध काचेचे दंडगोल तयार करतात आणि उंच मनोऱ्यात दोन हजार अंशांच्या आसपास तापवून त्यांतून फायबर ओढतात. वळण सोसणारा प्रकारही तिथे बनतो. गोव्यातही फायबरचे कारखाने आहेत. म्हणजे काच मिळण्याची अडचण नाही. अडचण ती जिथे जाते त्या भिंतीची आहे.

नगरमधल्या सावेडी, केडगाव, बुरुडगाव रोड या भागांतल्या बहुतेक इमारती गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या. भिंतीत लाईटचा पाईप असतो. टीव्ही-टेलिफोनसाठी एखादा पाऊण इंची पाईप असतो, तोही बहुधा हॉलच्या एका भिंतीत सुरू होऊन तिथेच संपतो. असला तरी प्लास्टर करताना त्यात सिमेंट गेलेलं असतं. टेक्निशियन स्प्रिंग घालून पाहतो, ती हातभर आत जाऊन अडते. “चोक आहे” असं म्हणत तो स्प्रिंग गुंडाळतो. मग खिडकीच्या चौकटीला ड्रिलने भोक पडतं, पावसाचं पाणी वायरीवरून घरात येऊ नये म्हणून बाहेर एक झोल सोडतात (सोडायचा असतो, निम्म्या वेळा सोडत नाहीत) आणि आत स्कर्टिंगच्या कडेने खिळ्याच्या क्लिपा ठोकत वायर पुढे जाते. चपटी केबल एकाच बाजूला सहज वाकते. दुसऱ्या बाजूला वळायचं तर तिला आधी पीळ द्यावा लागतो. कोपऱ्यावर हा पीळ हातभर लांबीत सावकाश द्यायचा असतो. घाईत तो दोन बोटांत दिला जातो आणि त्यावर क्लिप बसते.

घाई का, हेही सांगायला हवं. या पोरांना पैसे मिळतात ते कनेक्शनमागे. चांगल्या पिळाला वेगळा भाव नाही. स्प्लायसिंग मशीन महाग असतं, ते प्रत्येकाकडे नसतं. म्हणून अनेक घरांत फास्ट कनेक्टर चिमटून काम भागवतात. मशीनने केलेला जोड डेसिबलचा काही शतांश भाग खातो, चिमटलेला कनेक्टर त्याच्या दहापट.

सावेडीतल्या त्या सोसायटीत आलेल्या पोराकडे मात्र मशीन होतं. पोराने पायरीवर ते मांडलं. वायरीचं वेष्टण दातेरी पकडीने फाडलं, काचेवरचा रंगीत लेप सोलला, स्पिरिटच्या कापसाने ती पुसली. पुसताना काच करकरली. क्लीव्हरमध्ये टक्क करून टोक तोडलं. तुटलेला कण डोळ्यांना दिसलाही नाही, पण त्याने तो बोटाने टिपला आणि मांडीवर चिकटवलेल्या काळ्या टेपवर दाबला. “पायात गेला तर सापडत नाही. एक्स-रेत पण दिसायचा नाही,” असं म्हणत त्याने काकूंच्या नातवाला लांब पिटाळलं. मशीनच्या पडद्यावर काचेची दोन टोकं समोरासमोर आली, ठिणगी पडली, आकडा आला ०.०२. जोडावर बाही सरकवून तापवली. मग घरात वजा साडेएकवीस. लाल दिवा गेला.

इथपर्यंत सगळं छान. माझा आक्षेप पुढचा आहे.

वळण सोसणारा फायबर प्रकाशाला सांभाळतो, काचेला नाही. काच वाकली की बाहेरच्या पृष्ठभागावर ताण येतो, आणि तो काचेत कोणता खंदक घातला आहे हे पाहत नाही. साधा हिशोब करा: १२५ मायक्रॉनच्या निम्मे साडेबासष्ट, त्याला वळणाच्या त्रिज्येने भागायचं. ३० मिलिमीटर त्रिज्येला बाहेरची कड ०.२ टक्के ताणली जाते, साडेसातला ०.८ टक्क्यांहून थोडी जास्त आणि पाचला १.२५ टक्के. कारखान्यात फायबर तपासताना त्याला क्षणभर एक टक्का ताण देतात आणि जो टिकेल तोच विकतात. म्हणजे पाच मिलिमीटरचा कोपरा काचेला त्या परीक्षेहूनही जास्त ताणात, तेही कायमचं, बसवतो. काचेच्या पृष्ठभागावर सूक्ष्म चिरा असतातच. सततचा ताण आणि हवेतला ओलावा मिळाला की त्या हळूहळू वाढतात. एखाद-दुसऱ्या कोपऱ्याला वर्षानुवर्षं काहीच होणार नाही. पण प्रत्येक कोपरा तसाच, तोही बाथरूमच्या ओलसर भिंतीला लागून, तर एका सकाळी वायर कुणी हात न लावता तुटते आणि घरातले सगळे उंदराला दोष देतात.

जुन्या काचेत एक सोय होती. तिला चुकीचं वाकवलं की मीटरचा आकडा तत्क्षणी पडायचा. टेक्निशियनला हात सैल करावाच लागायचा. नव्या काचेत तो आकडा ढिम्म राहतो. पोरगा वायर नव्वद अंशात ठोकतो, मीटर पाहतो, वजा साडेएकवीस, काम झालं. तो चुकला हे त्याला सांगणारं कुणी उरलेलं नाही.

केबलवाल्यांकडे ही सूचना अजून मिळते, पण वेगळ्या वाटेने. इंटरनेटचा प्रकाश घराकडे येतो तो १४९० नॅनोमीटरचा, घरातून परत जातो १३१०चा. (नगर शहराच्या स्थापनेचं सालही १४९० मानतात. याला काही अर्थ नाही, पण नगरच्या टेक्निशियनला आकडा पाठ करायला कष्ट पडत नाहीत.) जे केबलवाले त्याच फायबरवर टीव्हीही देतात ते तो १५५०वर पाठवतात. मोठी तरंगलांबी वळणावर जास्त गळते, आणि टीव्हीच्या सिग्नलला मुळातच प्रकाश जास्त लागतो. म्हणून वायर दबली की आधी टीव्हीवर चौकोन येतात आणि इंटरनेट मात्र सुरळीत असतं. “नेट चालतंय म्हणजे वायर चांगली” असं म्हणून घरातले सेट-टॉप बॉक्स बदलायला सांगतात.

शहराबाहेर दुखणी वेगळी. श्रीरामपूर-कोपरगाव पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की उंच रचलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावरून आडव्या गेलेल्या वायरी तोडत जातात, संक्रांतीला मांजा असतो. तिथे काच कितीही वळण सोसणारी असली तरी उपयोग नाही. तो विषय खांबांचा आहे, इथे सोडून देतो.

अपार्टमेंटमधला उपाय मात्र खरोखर किरकोळ आहे. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सरळ चढणारा एक रुंद पाईप, मजल्यामजल्यावर एक बॉक्स, बॉक्सपासून प्रत्येक फ्लॅटच्या टीव्हीच्या भिंतीपर्यंत वेगळा पाईप, वळणावर एल्बोऐवजी लांब बेंड आणि आत ओढून ठेवलेली नायलॉनची दोरी. बांधकाम चालू असताना हे करायला कुणाचंही कंबरडं मोडत नाही. केडगावात काम चालू असलेल्या एका इमारतीवर कंत्राटदाराला विचारलं, तर तो हसला. “पाण्याचा पाईप विसरला तर गिऱ्हाईक चावी घेत नाही. याचा विसरला तर विचारतसुद्धा नाही.”

हे नगरमध्ये ऐकायचं म्हणजे गंमतच. निजामशाहीत या शहरात आणि किल्ल्यात पाणी आलं ते कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा भोवतालच्या गावांतून जमिनीखालून आणलेल्या खापरी नळांनी. भिस्तबागेसारख्या बागा त्यावर उभ्या राहिल्या. पाण्याची वाट आधी, महाल नंतर.

सरकारी पातळीवर हालचाल आहे, पण सक्ती नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०१७ सालीच शिफारस केली होती की, इमारतीत सगळ्या कंपन्यांना सारखा प्रवेश मिळावा, कुणा एकीशी मक्त्याचा करार होऊ नये आणि ही व्यवस्था बांधकामाच्या वेळीच व्हावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकनाचे तारे देण्याचे नियम काढले. ते ऐच्छिक आहेत. मोठ्या शहरातला मोठा बिल्डर जाहिरातीसाठी असा तारा घेईल. सावेडीतल्या सोळा फ्लॅटच्या जुन्या अपार्टमेंटला तो कोण आणि कशाला देणार? तिथे कंपनी बदलली की नवी कंपनी नवी वायर ओढते, जुनी लोंबत राहते आणि सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या पुढे विषय सरकत नाही. खरं तर एका पाईपमधून आठ-बारा कोअरची एक जाडशी केबल वर चढवून मजल्यावर वाटून दिली, तर कंपनी कुठलीही असो, जिन्यात पुन्हा ड्रिल लावावं लागणार नाही. सोसायटीने स्वतः खर्च करून ती घालावी आणि ती सोसायटीच्या मालकीची असावी, असं माझं मत. कंपनीने फुकट घातलेली वायर ही त्या कंपनीचीच असते.

तोवर घरात वायर घेताना दोन-तीन गोष्टी पाहता येतात. वेष्टणावर ए२ छापलंय का ते वाचावं. जास्तीची वायर टाय मारून आवळू न देता हाताच्या तळव्याएवढ्या सैल वेटोळ्यात ठेवायला सांगावं. कोपऱ्यात क्लिप ठोकू देऊ नये. हिरव्या पिनेत निळी पिन घालू देऊ नये. हिरवीचं टोक आठ अंशांत तिरपं घासलेलं असतं, निळीचं नसतं, आणि दोघींच्या मध्ये फट राहून प्रकाश जातो. सुतार, पीओपीवाला, एसीवाला घरात येण्याआधी वायर कुठून गेली आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

आणि जमलं तर वायरीतून १५५०चा प्रकाश सोडून एकदा मीटरने तपासायला सांगावं. कारण घरोघरच्या फायबरवर आज चालणाऱ्या जीपॉन यंत्रणेच्या जागी दहा गिगाबिटचं एक्सजीएस-पॉन येतं आहे. ते याच वायरीवरून चालेल, भिंत फोडावी लागणार नाही, अशी त्याची जाहिरात आहे आणि ती खरीही आहे. फक्त त्याचा घराकडे येणारा प्रकाश १५७७ नॅनोमीटरचा आहे. जो कोपरा १४९०ला चालून गेला, तोच १५७७ला जास्त गळेल. त्या दिवशी कस्टमर केअरला लागणाऱ्या फोनांपैकी बरेच किचन ट्रॉल्यांमागून आलेले असतील आणि फोन घेणारा त्या सगळ्यांना राउटर एकदा बंद-चालू करून पाहायला सांगेल.